घराची सावड

श्रेया शाळेत यायची थांबली ती नेमकी तिला भागाकार कळायला लागल्यावर. कळत नव्हता तोवर पोरगी एक दिवस चुकवत नव्हती. अंगात कणकण असली तरी यायची, भिंतीकडेला बसायची, माझ्याकडे टकामका बघायची आणि शाळा सुटली की घरी जायची. आणि आता कुठे तिच्या पाटीवर उत्तरं यायला लागली होती, तर तिची जागा रिकामी. शाळेत न येणारं मूल मला कळतं, येऊन न शिकणारंही कळतं. पण शिकायला लागल्यावर घरी बसणारं मूल मी पहिल्यांदाच बघत होते. मला काही अर्थच लागेना.

त्यात गुरुवारी जुन्नरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. माझा उपक्रम बघायला.

मी कौसर. जुन्नरच्या बाजारपेठेत अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोल्यांत आम्ही दोघं राहतो. लग्नाबद्दल विचारायचं नाही, शाळेबद्दल कितीही विचारा. सकाळी स्कूटीवरून निघते ती पिंपळवंडीच्या पुढे गायमळा वस्तीवरच्या शाळेत येते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी आणि गोरख सर. सर पहिली-दुसरीला शिकवतात, मी तिसरी-चौथीला.

माझी पहिली नेमणूक आंबेगाव तालुक्यात होती, धरणाच्या मागे डोंगरात. तिथे मी एकटीच. चार इयत्तांना मिळून एक खोली, आणि पावसाळ्यात त्या खोलीचाही अर्धाच भाग कोरडा. पहिलीला अक्षरं काढून द्यावीत तर चौथी दंगा करायची, चौथीला बघावं तर पहिली रडायची. एकदा माझा घसा बसला. आवाजच फुटेना. तर त्या आठवड्यात चौथीच्या मुली पहिलीला घेऊन बसल्या, आणि माझ्याकडून महिनाभरात झालं नव्हतं तेवढं काम त्यांनी करून टाकलं. मला आधी राग आला. मग गंमत वाटली. मग मी त्यावर विचार करत सुटले, तो अजून थांबलेला नाही.

शाळा सुधारायची तर आधी शिक्षकाचं तोंड बंद करा, असं मी एकदा शिक्षण परिषदेत भर सभेत बोलून गेले. पुढच्या रांगेतली मंडळी हसली नाहीत. गोरख सर तेव्हापासून माझ्याशी जरा बेतानंच बोलतात. पण माझं म्हणणं खरंच तसं आहे. मूल मुलाकडून शिकतं. आपण उगाच मध्ये उभे राहतो, हातात पट्टी घेऊन.

गायमळ्यावर आल्यावर मला याला एक नाव सापडलं, सावड. इथल्या बाया कांद्याच्या लागणीला एकमेकींच्या रानात जातात. आज तुझ्या, उद्या माझ्या. मजुरी कुणी द्यायची नाही, कुणी मागायची नाही, फक्त आलेल्या माणसाच्या रानात आपण उलट जायचं. त्याला सावड फेडणं म्हणतात. आम्ही बाजारातले लोक, आमच्यात असलं काही नाही. मी ते ऐकलं आणि हरखूनच गेले. वर्गात जाऊन सांगितलं, आजपासून आपली पण सावड. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं, आणि शिकलेल्यानं त्याला उलट काहीतरी शिकवून फेडायचं. लिहून ठेवायचं नाही, लक्षात ठेवायचं. तुमच्या आया कुठे लिहून ठेवतात?

पालकांच्या सभेतही मी हेच सांगितलं, चांगलं आवाज चढवून. "जशी तुमची रानातली सावड, तशीच ही शाळेतली. फेडायची म्हणजे फेडायची!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. समर्थचे आजोबा रखमाजी तर उठून म्हणाले, "लई भारी, मॅडम. आता कळलं शाळंत काय चाललंय त्ये."

आणि उपक्रम चाललाही. समर्थनं श्रेयाला भागाकार शिकवला. हा समर्थ म्हणजे वर्गातला सगळ्यात हुशार आणि तितकाच आगाऊ. श्रेयाला मी चिंचोके मांडून शिकवलं होतं, खडू मांडून शिकवलं होतं, चित्रं काढून शिकवलं होतं. ती मान डोलवायची आणि पाटी कोरी. समर्थनं तिला सांगितलं, "अगं, टेम्पोत क्रेट लावत्यात ना, तसं." झालं. मीही तेच सांगत होते, फक्त माझ्या तोंडून ते तिला जात नव्हतं. मला याचा थोडा हेवा वाटला, हे मान्य करते. पण आनंद जास्त झाला. कुणीतरी केंद्रशाळेच्या बैठकीत बोललं, बोलणं जुन्नरपर्यंत गेलं, आणि साहेबांनी गुरुवार ठरवला.

आणि श्रेया गायब.

"बिबट्या दिसला आसंल," गोरख सर म्हणाले. त्यांच्याकडे प्रत्येक गैरहजेरीला हे उत्तर तयार असतं.

"मग बाकीची पोरं कशी आली?"

"मग चाकणला नेली आसंल. आईबाप तिकडं कंपनीत हायेत तिचे. न्हाईतर… तुमी रागावला व्हता का तिला?"

मी रागावले नव्हते. की रागावले होते? मी दिवसातून इतक्यांदा रागावते की मला सांगता येईना. घरी येऊन अब्बांना विचारलं. मशीनवरून मान वर न करता अब्बा म्हणाले, "जिच्याबद्दल विचारतेस तिला विचार की." तेही बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग सरांवर सोपवला आणि मी श्रेयाच्या घरी गेले. श्रेया आजीपाशी राहते. आजीचं नाव प्रयागबाई. घराला कडी. शेजारची बाई भांडी घासत होती. ती म्हणाली, "दोगी बी रखमाजीच्या रानात गेल्यात. कांदं लावाया."

दोघीपण! माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, असं मला वाटलं. म्हणजे हे होय. आजी पोरीला मजुरीला नेते. चौथीतल्या पोरीला. आणि तेही कुणाच्या रानात, तर समर्थच्या! एका सतरंजीवर बसणारी दोन मुलं, त्यातला एक शाळेत आणि दुसरी त्याच्याच घरच्या चिखलात. मी तशीच तरातरा बांधावरून निघाले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवून टाकलं. चांगलं खरमरीत होतं ते.

वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. प्रयागबाई मात्र वाकलेली नव्हती, एक पाय लांब करून चिखलातच बसली होती, आणि बसल्या बसल्या पुढे सरकत होती. तिच्या शेजारी श्रेया, परकर खोचलेला, हातात रोपांची जुडी. मला बघून पोरीनं जुडी पाठीमागे लपवली.

"प्रयागबाई," मी बांधावरूनच सुरू केलं, "पोरीला मजुरीला आणलंत? शाळा बुडवून? लाज नाही वाटत?"

बायांचे हात थांबले. प्रयागबाईनं माझ्याकडं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती बुचकळ्यात पडली होती.

"मजुरी कोन करतंय?" ती म्हणाली. "आमी सावड फेडतोय."

"कसली सावड? तुमच्या रानात लागण तरी झालीय का अजून?"

"आमच्या रानातली न्हाई. तुमची. शाळंतली."

मला काही कळेना. मी खाली वाफ्याच्या कडेला उतरले. चप्पल चिखलात रुतली ती तिथंच राहिली.

प्रयागबाईनं मग सावकाश सांगितलं, एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगतात तसं. समर्थनं श्रेयाला शिकवलं. एक दिवस नाही, बरेच दिवस. श्रेयाकडून फेडणं होईना. समर्थला सगळंच येतं, त्याला ती काय शिकवणार? पोरं तिला चिडवायला लागली, तुझ्यावर लई सावड चढली म्हणून. पोरगी घरी येऊन रडली. "मंग म्या म्हनलं, गप. सावड काय एकट्या मानसाची आसती का? घराची आसती. सूनबाईला जमलं न्हाई तर सासूनं जायाचं. तुला जमत न्हाई, मी जाते. म्या आले हितं. ह्येंच्या घरच्या पोरानं आमच्या घरच्या पोरीला दिलं, आमच्या घरानं ह्येंच्या घराला दिलं. फिटलं."

"पण प्रयागबाई, ते मुलांचं होतं. मुलांपुरतं."

"तुमी तर म्हनलात, जशी रानातली तशीच. सबेत म्हनलात. म्या मागं बसल्याली व्हते."

मी म्हटलं होतं. आवाज चढवून म्हटलं होतं.

एवढ्यात रखमाजी विहिरीकडून आले. मी त्यांच्याकडे वळले, कारण आता कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. "आजोबा, तुम्ही तरी? म्हाताऱ्या बाईकडून फुकट काम करून घेता?"

रखमाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आवो, आमी कुटं बोलावलं? ती आपनहून आली. म्या म्हनलं, आजी, पोरांचं काय मनावर घेता राव! तर म्हनली, मॅडमनी सांगितलंय. मजुरी देतो म्हनलं तर अंगावर आली. आता सावडीला आल्याली बाई वाफ्यातनं उठवून माघारी कशी लावायची, तुमीच सांगा. त्यो अपमान व्हतो."

दोघंही खरं बोलत होते. दोघांनीही जे केलं ते त्यांच्या हिशोबानं सरळच होतं. वाईट असं तिथे कुणी नव्हतंच, आणि तरीही एक म्हातारी दुखरा पाय लांब करून चिखलात बसली होती आणि शाळेतली पोर तिच्या शेजारी होती. हे सगळं माझ्या वर्गातून इथपर्यंत आलं होतं, आणि ते कुठल्या वाटेनं आलं ते मला आत्ता दिसत होतं.

"आणि श्रेयाला का आणलं?" मी विचारलं. आता माझा आवाज बारीक झाला होता.

"गुडघा ऱ्हायला माझा. वाकायला येत न्हाई. माझ्याच्यानं ओळ उरकंना, म्हनून ती हातभार लावतीया. आन् शाळंत जाऊन अजून चढवून घ्यायची का? आदी हाये ती फेडू दे."

मी हरले नव्हते अजून. मला उपाय सुचला, शिक्षकाला उपाय सुचतातच. "असं करू," मी म्हणाले, "श्रेयाचा आवाज गोड आहे. ती पहिलीच्या मुलांना कविता शिकवेल. झाली फेड."

वाफ्यातल्या बायांपैकी एक फिस्सकन हसली. प्रयागबाई हसली नाही. "पयलीच्या पोरांस्नी शिकवून समर्थाची कशी फिटंल? ज्याची त्याला द्यायाची आसती, मॅडम. एकाच्या रानातली सावड दुसऱ्याच्या रानात जाऊन फिटती व्हय?"

"बरं, मग उद्यापासून सावड बंद. मोडली. झालेली सगळी माफ."

तो शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की चूक झाली. प्रयागबाई ताठ झाली.

"माफ? आमी काय गुना केलाय का, माफ कराया?"

श्रेया माझ्या रुतलेल्या चपलेकडे बघत होती. मग तिनंच हळूच जाऊन ती उपसली, पाटाच्या पाण्यात धुतली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. आजीनं ते बघितलं आणि तिचा चेहरा जरा सैल झाला.

"पाठवते पोरीला," ती म्हणाली. "शाळा सोडवायची न्हाई मला बी. तिची आई तिकडं रातपाळ्या कशासाठी करतीया? पन एक ऐका. तिला कुना पोरानं शिकवायचं न्हाई. तुमी शिकवा. तुमचं फेडायचं नसतं आमाला. तुमी सरकारच्या."

तिला सांगावंसं वाटलं की बाई, मीच शिकवत होते आधी, आणि पोरीला माझं काहीही कळत नव्हतं. पण ते त्या वाफ्याच्या कडेला, चिखलानं भरलेल्या पायांनी, सगळ्या बायांसमोर कसं सांगायचं? मी हो म्हणाले.

संध्याकाळी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं, म्हणजे त्यांनाही ते साधं वाटलं नव्हतं.

"ती आजी बरोबर आहे," अब्बा म्हणाले. सुईत दोरा ओवला आणि म्हणाले, "पण पोरीला कळतं ते त्या मुलाकडूनच ना?"

"हो."

"मग आजी चूक आहे."

"अब्बा, एक काहीतरी सांगा."

"मला काय विचारतेस? मी शिंपी आहे," असं म्हणून त्यांनी पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली.

मी अंथरुणावर पडून विचार करत राहिले. मुलानं मुलाकडून शिकावं, हे मी आजही पैजेवर सांगेन. डोंगरातल्या त्या मुलींनी पहिलीला शिकवलं तेव्हा कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं. तिथे सगळ्यांची घरं सारखी होती, कदाचित म्हणून. इथे रखमाजींचं रान पाटापर्यंत आहे आणि प्रयागबाईचं घराच्या पाठीमागे संपतं. शाळेत दोघांची नातवंडं एका सतरंजीवर बसतात आणि मला वाटतं झालं, सारखी झाली. मग मी त्यांना सावड शिकवते. शाळा ही तरी अशी जागा हवी होती का, जिथं घेतलेलं फेडावं लागत नाही? मग मुलांनी एकमेकांना शिकवायचंच नाही का? हे असं उलटसुलट करता करता माझं डोकं भणभणून गेलं.

गुरुवारी श्रेया आली. केस चापून विंचरलेले, नखांत अजून माती. नेहमीच्या जागी बसली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, साहेबांना फोनही केला नव्हता. काय सांगणार होते?

साहेब आले, बरोबर दोन मॅडम. गोरख सरांनी गुलाबाची फुलं दिली. मुलांनी एका सुरात नमस्कार केला. साहेब हसतमुख माणूस होते, उगाच रुबाब नाही. म्हणाले, "तुमचं चालू द्या, आम्ही मागं बसतो. मुलं मुलांना शिकवतात ते बघायचंय आम्हाला."

मुलं जोडीजोडीनं बसली, त्यांना सवयच होती. समर्थ उठला आणि पाटी घेऊन श्रेयाजवळ यायला निघाला. मी त्याला हातानं थांबवलं आणि स्वतःच तिच्यासमोर मांडी घालून बसले. समर्थ गोंधळून तिथंच, आमच्या शेजारी टेकला.

मी पाटीवर पुढच्या पायरीचं गणित घातलं, समर्थनं तिला अजून न शिकवलेलं. चौऱ्याऐंशी भागिले सहा. एकेक पायरी सांगितली. चिंचोके मांडले. श्रेया ऐकत होती. अगदी मनापासून, ओठ घट्ट मिटून. मग पाटी तिच्याकडे दिली. तिनं एक आकडा लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो तिच्यापर्यंत जात नव्हता हेही दिसत होतं. मी समर्थसारखं क्रेट आणि टेम्पो म्हणून पाहिलं. माझ्या तोंडी ते खोटं वाटलं. आजूबाजूला बाकी जोड्या खुसपुस करत शिकत होत्या, शिकवत होत्या.

समर्थची चुळबुळ सुरू झाली. त्याला राहवेना. तो पुढं वाकला आणि कुजबुजला, "अगं, आधी आठाचे क्रेट लाव की. मग उरत्यात त्ये…"

श्रेयानं पाटी छातीशी धरली.

"तू सांगू नको," ती म्हणाली. "आजीला वाकाया येत न्हाई आता."

समर्थला ते कळलं. त्याच्याच घरचं रान होतं. त्याचा चेहरा पडला आणि तो मागे सरकून हाताची घडी घालून बसला.

मागे बसलेल्या एका मॅडमना सगळं ऐकू गेलं नसावं. त्या साहेबांकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "बघा सर, मुलगी मदतसुद्धा घेत नाही. स्वतः सोडवायचं म्हणते." साहेबांनी समाधानानं मान हलवली.

मला उठून सांगायला हवं होतं की नाही, हे तसं नाही. पण मग कसं आहे, ते मला तरी कुठं सांगता येत होतं? डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला तोंड वर करायचं नव्हतं. मी चिंचोके गोळा केले.

"श्रेया," मी म्हटलं, "पुन्हा पहिल्यापासून बघू."

तिनं पाटी पुसली आणि माझ्यापुढं ठेवली.